हिरव्या गाडीतली दुसरी सीट

संग्रहालयाच्या मोठ्या दालनात उभ्या असलेल्या गाड्यांपैकी एकही सुखासुखी तिथे आलेली नव्हती. दिवस-रात्र न थांबता पळायच्या शर्यतींसाठी त्या बनल्या होत्या. ड्रायव्हर दोन, आळीपाळीनं चालवणारे. गाडीला मात्र पाळी नाही, तिनं पळतच राहायचं. कुणाचं नाक चेपून पुन्हा ठोकलेलं, कुणाच्या दाराखाली वेल्डिंगचे वण. एकीच्या सीटवर काळा डाग होता, तो तेलाचा आहे असं पाटीवर लिहिलं होतं. वर्कशॉपमधले लोक त्या पाटीकडे बघून फक्त नाक मुरडायचे.

वर्कशॉप मिस्त्रिणीच्या ताब्यात होतं. हे नाव हाताखालच्या माणसांनी आधी चेष्टेत ठेवलं, पुढे चेष्टा विरली आणि नाव चिकटलं. चाळिशी उलटलेली, आखूड केसांची, तोंडानं फटकळ बाई. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं तर म्हणायची, "बोनेट उघडून दाखवू का?" विचारणारा पुन्हा त्या वाटेला जायचा नाही.

आणि संग्रहालयात सगळे ज्याला वस्ताद म्हणायचे, तो तिचा सख्खा मामा. सत्तरीचा, एका पायानं लंगडणारा, डावा कान वितळून गालाला चिकटलेला. तरुणपणी हिरवी गाडी चालवायचा. आता त्याच गाडीशेजारी उभा राहून लोकांना गोष्ट सांगायचा. गोष्ट सांगावी तर त्यानंच.

"मालकाच्या दोन गाड्या," तो सुरू करायचा. "हिरवी माझ्याकडे, पांढरी माझ्या मेहुण्याकडे. शर्यतीचा दुसरा दिवस, सकाळची वेळ, सगळ्यांच्या डोळ्यांत झोप. मेहुणा पुढे, मी त्याच्या शेपटाला. मोठं वळण आलं, आणि तिथे," इथे तो हिरवीच्या छपरावर फाडकन तळहात मारायचा, "तेल सांडलेलं! माझी गाडी घसरली ती थेट त्याच्यावर. दोघंही पेटलो. हा कान मी तिथेच ठेवून आलो. माझी ताई, मेहुण्याची बायको, वेळ मोजायला वळणाजवळच्या भिंतीपाशी बसलेली. पोटुशी बाई, आगीत हात घालून तिनं मला ओढून काढलं. तिची बोटं आजही उघडत नाहीत. मेहुण्यापर्यंत मात्र कुणी पोचलं नाही."

मग तो मान खाली घालायचा. बायका डोळे पुसायच्या. पोटात होती ती मुलगी म्हणजे मिस्त्रीण, हे तो मुद्दाम सांगायचा नाही. पण ती आसपास दिसली तर हनुवटीनं तिच्याकडे खूण करायचा.

तिला त्याचा राग येत नसे. बाप तिनं फोटोतच पाहिला होता. बाकी सगळं मामाच होता. सायकल त्यानं शिकवली, पाना धरायला त्यानं शिकवलं, दहावीला ती गणितात गचकली तेव्हा शाळेत जाऊन मास्तरांशी भांडला तोही तोच. रोज संध्याकाळी त्यांच्या घरी यायचा, स्वयंपाकघरात जाऊन स्वतःच चहा करायचा, कप विसळून ठेवायचा आणि जायचा. आई टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली, मुळातच कमी बोलणारी. संग्रहालयात तिनं कधी पाऊल टाकलं नाही. "मला नाही बघवत," एवढंच म्हणायची, आणि त्यात नवल वाटण्यासारखं कुणाला काही दिसलं नाही.

हिरवी पुन्हा पळती करायला मिस्त्रिणीला काही वर्षं लागली. ती झाली तेव्हा संचालकांनी मोठा समारंभ ठरवला. संग्रहालयामागच्या छोट्या ट्रॅकवर वस्ताद स्वतः ती चालवणार, लोक कुंपणाबाहेरून बघणार. संचालक माणूस चांगला, पण त्याला लोकांना चकित करायची भारी हौस. पांढरीचा जळका सांगाडा त्याला कुठल्याशा भंगारवाल्याच्या आवारात सापडला होता. तो त्यानं कुणालाच न सांगता आणवला आणि समारंभाच्या दिवशी सकाळी दालनात, हिरवीच्या रिकाम्या जागेला लागून, उभा केला. रंग नाही, काचा नाहीत. गंजलेली हाडं आणि एक अख्खं दार. मागची डावी बाजू आत घुसलेली.

वस्ताद दालनात आला तो हसत, नवीन जाकीट घालून. सांगाडा दिसला आणि तो जागीच थिजला.

"कशी वाटते कल्पना?" संचालक उत्साहानं म्हणाले. "फेरी मारून आलात की इथेच, या शेपटाजवळ उभे राहा आणि गोष्ट सांगा. सगळे पाहुणे इथेच जमणार आहेत."

वस्ताद आत घुसलेल्या त्या पत्र्याकडे बघत राहिला. मिस्त्रिणीलाही धक्का बसला होता. बापाची गाडी ती पहिल्यांदाच बघत होती. तिनं संचालकांना एका बाजूला नेऊन चार सणसणीत शब्द सुनावले. परत आली तेव्हा मामा बाहेर हिरवीत जाऊन बसला होता.

"चल, बस," तो म्हणाला.

त्या काळच्या नियमांप्रमाणे अशा गाडीला दोन सीटा असाव्या लागत. दुसऱ्या सीटवर कधी कुणी बसत नसे, ती नावालाच. पण गिअरबॉक्समधून बारीक आवाज येत होता, तो चालत्या गाडीत ऐकावा असं मिस्त्रिणीच्या मनात होतंच. तिनं हेल्मेट चढवलं, पट्टे आवळले. मामानं हेल्मेट घ्यायला नकार दिला. कापडी टोपी घातली आणि निघाला.

पहिली फेरी शहाण्यासारखी झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या फेरीत त्यानं पाय खाली दाबला. इंजिन सीटच्या मागेच, पातळ पत्र्याच्या पलीकडे गरजत होतं. कानाला तोंड लावून ओरडलं तरच बोलणं ऐकू येई.

"मामा, हळू! टायर थंड आहेत अजून!"

तो काहीतरी बोलला.

"काय?"

"तेल नव्हतं!"

तिला वाटलं, तेलाचा दाब कमी झालाय. तिनं वाकून काटा बघितला. काटा जागेवर होता. "आहे की! भरपूर आहे!"

"तिथे नव्हतं!" तो ओरडला. मानेच्या शिरा फुगल्या होत्या, नजर रस्त्यावर. "वळणावर! तेल सांडलं नव्हतं!"

गाडी वळणातून बाहेर फेकल्यासारखी सुटली. तिचं डोकं दारावर आपटलं.

"मालक म्हणाला, त्याच्या मागेच राहायचं! पुढे जायचं नाही! मी जास्त वेगात होतो, पोरी! रात्रभर मी वेगात होतो! आणि हुकूम काय, तर मागे राहा!"

"गाडी थांबव."

तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही. ती पुन्हा किंचाळली, "गाडी थांबव!"

"मी ढकललं त्याला! जाणूनबुजून! एक धक्का देऊ म्हटलं, जरा घाबरेल, बाजूला होईल," तो रडत होता, नाकातून पाणी गळत होतं आणि पाय मात्र खालीच होता. "बाजूला नाही झाला तो!"

तिनं त्याला मारलं. मूठ वळून, सगळ्या ताकदीनिशी, त्या वितळलेल्या कानावर. त्याचं डोकं पलीकडच्या खिडकीवर आदळलं. तिनं परत मारलं. त्यानं हात वर केला नाही, की पाय उचलला नाही. इंजिन बंद करायचं बटण त्याच्या बाजूला होतं. ती त्याच्यावरून आडवी झाली, पण पट्ट्यांनी तिला मागे खेचलं. त्यानं तिचा हात बोटांपाशी धरला आणि पिरगाळला. बोटाचं हाड मोडल्याचं तिला जाणवलं. पुढे वळण आलं होतं, त्यामागे जुन्या टायरांची भिंत, त्यामागे कुंपण आणि माणसं. मामा स्टिअरिंग वळवत नव्हता.

तिनं डाव्या हातानं स्टिअरिंग पकडलं आणि स्वतःच्या अंगावर ओढलं.

गाडी आडवी झाली, आडवीच टायरांवर गेली, उचलली गेली आणि उजव्या कुशीवर पडून पत्रा फाडत, ठिणग्या उडवत गवतापर्यंत घसरत आली. माणसांपासून दूर.

आवाज थांबला तेव्हा ती पट्ट्यांना लोंबकळत होती आणि खाली मामा होता. कपाळ फुटलेलं, तोंडात रक्त. उजवा हात दाराबरोबर गाडीखाली गेलेला. कुठेतरी ठिबकत होतं. वास पेट्रोलचा होता, आणि तो तिला जन्मापासून ओळखीचा होता.

तिनं पट्टा सोडला आणि ती सरळ त्याच्या अंगावर पडली. गुडघा त्याच्या बरगड्यांत रुतला. तो गुरासारखा ओरडला. त्याच्या खांद्यावर पाय देऊन तिनं वरचं दार ढकललं आणि बाहेर निसटली.

"काढ मला," तो आतून म्हणाला. आणि मग, मागे भप्पकन आवाज झाला तेव्हा, किंचाळला, "काढ! पोरी, काढ मला! जळतोय मी!"

ती गवतात उभी राहिली. दूरवरून माणसं धावत येताना दिसत होती, आग विझवायचे लाल डबे घेऊन. ती पोचेपर्यंत उशीर होईल हे तिला कळत होतं. तिनं काहीच केलं नाही. तो ओरडत होता आणि ती उभी होती. त्या उभं राहण्यात किती वेळ गेला हे पुढे चौकशीत तिला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "मी त्याला मरू देत होते, तेवढा वेळ."

मग ती परत गाडीकडे गेली. का गेली, ते तिलाही सांगता येत नाही. दया आली नव्हती, एवढं नक्की. तिनं पुढच्या काचेवर लाथा घातल्या. काच तडकली होती, ती आत कोसळली. खिशातल्या सुरीनं पट्टा कापला, त्याच्या काखेत हात घातले आणि ओढलं. हात अडकलेला होता. तिनं पाय बोनेटला टेकवून पुन्हा ओढलं. खांद्यातून कडाडकन आवाज आला आणि तो सुटला. तो कडाड ऐकून तिला बरं वाटलं. हेही तिनं चौकशीत सांगितलं. लिहून घेणाऱ्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि ते वाक्य काही लिहिलं नाही.

हिरवी त्यांच्या मागे पूर्ण पेटली.

हॉस्पिटलमध्ये तिच्या हाताला प्लास्टर घातलं. वस्तादचा खांदा, कंबर, तीन बरगड्या गेल्या होत्या, पण डॉक्टर म्हणाले, म्हातारा चिवट आहे. ती कॉरिडॉरमध्ये बाकावर बसली होती. आई आली, नेहमीसारखी हात पदराखाली झाकून. लेकीच्या शेजारी बसली. चेहऱ्यावरची राख तिनं कोपरानं पुसली.

"आई, तुला एक सांगायचंय," मिस्त्रीण म्हणाली. "बाबांचं. तिथे तेल सांडलं नव्हतं."

आईनं झाकलेले हात मांडीवर ओढून घेतले. मग म्हणाली, "बोलला म्हणजे शेवटी."

मिस्त्रीण ताडकन उठली. समोर औषधांची ढकलगाडी होती. तिनं ती पायानं अशी उडवली की बाटल्या कॉरिडॉरभर फुटत गेल्या. परिचारिका धावली. "कुणी जवळ येऊ नका!" ती ओरडली आणि आईकडे वळली. "तुला ठाऊक होतं? आयुष्यभर? आणि तो आपल्या घरात येत होता?"

"आधी बस."

"नाही बसत! त्याला बाहेर काढलंस तू! माझ्या बापाला सोडून त्याला काढलंस!"

आईनं पदराखालून हात काढले. बोटं आत वळून तळव्याला चिकटलेली, कातडी मेणासारखी. हे हात मुलीनं रोज पाहिले होते. तिची वेणी याच हातांनी, दातांची मदत घेऊन घातली जायची.

"माझं काम काय होतं? वळणातून गाड्या बाहेर येताना बघायच्या," आई म्हणाली. "डोळ्यात तेल घालून बघत होते. हिरवी घसरली नाही. नेम धरून गेली ती. मी बघितलं, आणि धावले. धावताना कोण कुणाचा, हे सुचतं का? हिरवी आधी वाटेत लागली. तिचं दार उघडं पडलं होतं. हात घातला, बाहेर ओढलं. त्याला ओढताना मला चटकासुद्धा बसला नाही."

"मग हे?"

"हे नंतरचं. मी पांढरीकडे गेले. दार बंद होतं. मी मूठ धरली आणि ओढत राहिले. आत तो मला बघत होता. तोंडानं 'जा' म्हणत होता, तुझ्यासाठी, पोट दिसत होतं ना माझं. मी सोडली नाही मूठ. लोकांनी मला ओढलं तेव्हा हाताची सालं तिथेच राहिली."

परिचारिका हातात झाडू घेऊन उभी होती.

"मग सांगितलं का नाहीस?"

"कुणाला सांगू? मी शुद्धीवर आले तोवर तेलाची गोष्ट सगळीकडे झाली होती. मालकालाही तीच बरी वाटली. आणि मीच तर त्याला जिवंत काढलं होतं! नवऱ्याला मारणाऱ्याला मी माझ्या हातांनी काढलं, हे तोंडानं म्हणायचं कसं? मग तू झालीस. त्याच्या खांद्यावर बसून खिदळायचीस. मला वाटलं, बाप तर त्यानं घेतला. निदान मामा तरी राहू दे पोरीला. मी त्याला कधी चहा करून दिला नाही. तुझ्या कधी लक्षात आलं नाही?"

मिस्त्रीण खाली, काचांमध्येच बसली आणि रडली. आईनं तिच्या डोक्यावर हाताची ती बंद मूठ ठेवली. नंतर ती उठली आणि सरळ वस्तादच्या खोलीत शिरली. मिस्त्रीण तिच्यामागे धावली.

वस्ताद जागा होता. डोक्याला टाके, नाकात नळी. बहिणीला बघून त्यानं उशीवरून डोकं उचललं.

"ताई," तो म्हणाला. "ताई, माझं चुकलं. मला..."

आईनं हात मागे नेला आणि उलट्या मुठीनं त्याच्या तोंडावर मारलं. नळी निघून पडली. तिनं दुसऱ्या हातानं मारलं. बोटं उघडत नसल्यामुळे तिची प्रत्येक थप्पड ठोसाच होती. कपाळाचे टाके उसवले, उशी लाल झाली. तो हात वर करू शकत नव्हता; डोळे मिटून पडून राहिला. मुलीनं आईला कमरेला मिठी मारून मागे ओढलं तेव्हा ती धापा टाकत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर कधी न पाहिलेला रंग चढला होता.

"याचे टाके तुटलेत," आई दारातल्या परिचारिकेला म्हणाली. "पुन्हा घाला. भूल देऊ नका."

यानंतर ती त्याला बघायला कधी आली नाही.

चौकशी झाली. जुन्या प्रकरणाचं काही होणार नाही, फार काळ लोटला, असं पोलीस अधिकाऱ्यानं सांगितलं. वस्तादनं सगळं कबूल केलं, अगदी सविस्तर. कुणी न विचारताही. नव्या अपघाताचं मात्र काहीतरी लिहिणं भाग होतं. संचालक मिस्त्रिणीला आपल्या खोलीत घेऊन गेले, दार लावलं.

"मी विचार केला," ते म्हणाले. "जुनी गाडी. ब्रेक निकामी झाले, असं आपण म्हणू. तुमच्यावरही काही येणार नाही, त्यांच्यावरही नाही. संग्रहालयाचं नाव राहील."

"ब्रेक मी बसवलेत," मिस्त्रीण म्हणाली. "त्यांना नावं ठेवायची नाहीत. त्यानं पाय उचलला नाही आणि मी स्टिअरिंग ओढलं. हेच लिहा."

"अहो, पण लोक काय म्हणतील?"

"लोकांना एवढी वर्षं तेल पाजलंत. आता जरा खरं पाजा."

संचालकांनी तिला नोकरीवरून काढलं नाही, पण बरेच दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिला ते सोयीचंच पडलं.

वस्तादला सोडायची वेळ आली तेव्हा न्यायला कुणी नव्हतं. त्याची बायको केव्हाच सोडून गेलेली, मूलबाळ नाही. हॉस्पिटलनं मिस्त्रिणीला फोन केला. आईला विचारलं, तर ती म्हणाली, "तुझं तू बघ. माझ्या उंबऱ्याच्या आत तो नको." मिस्त्रिणीनं शहराबाहेर एक वृद्धाश्रम शोधला आणि वर्कशॉपची व्हॅन घेऊन त्याला आणायला गेली.

वाटेत तो खिडकीतून बाहेर बघत होता, टोपीशिवाय, केस कापलेला, एकदम लहान झालेला. खड्डा आला की कण्हायचा. तिनं एकही खड्डा चुकवला नाही.

फाटकाशी तिनं चाकांची खुर्ची उतरवली, त्याला उचलून तीत बसवलं. तो हलका होता. त्यानं डाव्या हातानं तिची बाही धरली.

"येशील का कधी?"

खोटं बोलावंसं तिला वाटलं नाही, आणि खरं काय ते तिलाच माहीत नव्हतं. "बघू," ती म्हणाली, आणि बाही सोडवून घेतली.

पहिल्या वळणापलीकडे गेल्यावर तिनं व्हॅन थांबवली. उतरली आणि दारावर लाथा मारायला लागली. पत्रा आत जाईपर्यंत मारल्या, बुटाचा तळ सुटेपर्यंत मारल्या. रस्त्यानं एक सायकलवाला चालला होता, तो लांबून वळसा घालून गेला. मग ती व्हॅनच्या पायरीवर बसून दम खात राहिली. प्लास्टरमधलं बोट ठणकत होतं.

वर्कशॉपमध्ये एका लाल गाडीचा गिअरबॉक्स सकाळपासून उघडा पडला होता आणि मुलं तिची वाट बघत होती. तिनं फोन करून सांगितलं, "हात लावू नका कुणी. निघालेय मी."